पुडा तोच, पोट आत

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की आमच्या घरचा चहाचा डबा आता अख्खा पुडा ओतला तरी गळ्यापर्यंत भरत नाही, बोटभर खालीच राहतो, आणि मला आधी वाटलं डबाच बदलला का काय. त्या दोन ओळींवर इतके प्रश्न आले की लोणच्याचे, रुखवताचे, सासूसुनेचे सगळे प्रश्न यावेळी बाजूला ठेवलेत आणि पूर्ण जागा किराण्याला देऊन टाकली. मी काही अर्थशास्त्राची बाई नाही हे आधीच सांगून ठेवते. बाबांचं नागपूरच्या महाल भागात किराणा दुकान होतं, शाळेतून आली की गल्ल्यावर बसायची, एवढंच माझं क्वालिफिकेशन. बाकी नियम-बियम वाचून, चार लोकांना विचारून लिहिलेत.

नंदनवनहून एक गृहिणी

ताई, पंधरा वर्षांपासून महिन्याचा किराणा मीच आणते, यादी पाठ आहे म्हटलं तरी चालेल. मागच्या महिन्यात सुपरमार्केटमधून चहाचा पुडा आणला, भाव तोच १५० रुपये, मी मनातल्या मनात खूश की चला, एक तरी वस्तू वाढली नाही. घरी आल्यावर सून म्हणते, आई, यावर २३० ग्रॅम लिहिलंय. चष्मा लावून पाहिलं तर खरंच २३०! पुडा तेवढाच, रंग तोच, चित्रही तेच. मग मी सगळं सामान ओट्यावर काढून बसले, भांड्याचा साबण, टूथपेस्ट, पोरांची बिस्किटं, सगळ्यांचंच थोडं थोडं खाली आलेलं. ही सरळसरळ फसवणूक नाही का? चहा म्हणजे पाव किलोच असला पाहिजे असा काही नियम नाही का?

— नियम होता ताई, आता नाही. वजनमापाचा कायदा २००९ चा, त्याच्याखाली पॅकबंद मालाचे नियम निघाले २०११ मध्ये, आणि त्या नियमांत १९ वस्तूंची एक यादी होती. चहा, कॉफी, बिस्किटं, तेल, मीठ, आटा, डाळी, साबण असलं सगळं, आणि प्रत्येकीसमोर लिहिलेलं की ही वस्तू याच याच वजनात विकायची. म्हणून तर आपल्या डोक्यात चहा म्हटलं की १००, २५०, ५०० हेच आकडे पक्के बसलेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं हे नियम बदलायचं जाहीर केलं आणि पुढे ती यादीच काढून टाकली. आता कंपनीनं २३० भरावं की २१७ भरावं, तिची मर्जी. त्याच्या बदल्यात अट अशी की एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा भाव काय पडतो तो पुड्यावर छापायचा, आणि जानेवारी २०२४ पासून ते छापणं सक्तीचं आहे.

मग तो भाव आपल्याला दिसत काहून नाही? दिसतो, पण शोधावा लागतो. एमआरपी असते तिथेच, त्याच ठिपक्याठिपक्यांच्या शाईत, यूएसपी (युनिट सेल प्राइस) म्हणून. तुमच्या पुड्यावर ०.६५ रुपये प्रति ग्रॅम असं काहीतरी असेल, पाहा. आता ०.६५ वाचून कोणाच्या छातीत धस्स होणार आहे सांगा! किलोच्या आतलं पॅकिंग असलं की ग्रॅमचाच भाव छापायचा असा नियम आहे, त्यामुळे तो आकडा बरेचदा पैशांतच असतो, बिचारा गरीब वाटतो. त्याला हजारानं गुणा, झाला किलोचा भाव. तुमचा जुना पुडा ६०० रुपये किलोनं पडत होता, नवा ६५२ नं पडतो. आणखी एक गंमत पाहा, वजन कमी झालं ८ टक्के पण भाव वाढला ८.७ टक्के, म्हणजे वजनातली घट नेहमी भाववाढीपेक्षा लहानच दिसते. कंपन्यांच्या ऑफिसात हे कोणाला तरी नक्की माहीत असणार.

आता फसवणुकीचं. जितकं छापलंय तितकं आत असेल तर कायद्यानं फसवणूक होत नाही. पण पुडा तेवढाच ठेवायचा, रंग तोच ठेवायचा आणि आकडा कोपऱ्यात बारीक करायचा याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, माझा शब्द छापण्यासारखा नाही. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना सांगितलंय की कंपनीनं माल कमी करून भाव तोच ठेवला किंवा वाढवला तर त्या वस्तूजवळ तशी पाटी लावा, दोन महिने. आपल्याकडे अशी पाटी नाही, आपल्याकडे तुमच्या सुनेसारख्या पोरी आहेत. तिला माझ्याकडून एक आलूबोंडा द्या.

बाबांच्या दुकानात चहा सुटाच यायचा, ते कागदाची पुडी बांधायचे आणि काटा बरोबर झाल्यावर वरून आणखी एक चिमूट टाकायचे. मी एकदा विचारलं की रोजची चिमूट चिमूट म्हणजे महिन्याचं किती झालं, तर म्हणाले ते मोजायचं नसते. मी गुपचूप मोजलं होतं, महिन्याला पाव किलोच्या वर जायचं. आता ती चिमूट उलटी फिरली आहे एवढंच.

मानेवाड्याहून, नुकतीच वेगळी राहायला लागलेली सून

काकू, तेलाच्या पाऊचचं गणित समजावून सांगा ना. दोन पाऊच शेजारी शेजारी ठेवलेले, एक १५० चं आणि एक १४१ चं, दोन्ही सारखेच फुगलेले, मी अर्थातच १४१ वालं घेतलं. घरी बरणीत ओतलं तर रेषेच्या खालीच. पाऊचवर पाहिलं तर ८४० ग्रॅम, आणि १५० वाल्यावर १ लिटर, कंसात ९१० ग्रॅम असं लिहिलेलं होतं. आमच्या सासूबाई म्हणतात इतवारीच्या बाजारातून पिपा आणा, किलोनं मिळते. आता किलो, लिटर, ग्रॅम, यातलं स्वस्त कोणतं?

— सासूबाईंशी वेगळं राहूनही बोलणं चालू आहे हे वाचून बरं वाटलं. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून लिटरभर तेल किलोभर भरत नाही, ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे "एक लिटर" म्हणताना कोणी खोटं बोलत नसतं, पण आपण मनात एक किलो समजून घेतो ते आपलं चुकतं. आता तुझे दोन पाऊच. १५० भागिले ०.९१, म्हणजे जवळपास १६५ रुपये किलो. १४१ भागिले ०.८४, म्हणजे १६८ रुपये किलो. नऊ रुपये वाचले म्हणून घरी आणलेलं पाऊच किलोमागे तीन रुपये महाग निघालं बाई. पहिल्यांदा वेळ लागेल, नंतर शेल्फसमोर उभ्या उभ्या मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर दहा सेकंदांचं काम आहे. मागचे लोक ट्रॉली घेऊन खोळंबतात, खोळंबू दे.

पिप्यात तर हा फरक चांगलाच मोठा होतो आणि तिथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. १५ किलोचा पिपा आणि १५ लिटरचा पिपा शेजारी ठेवले तर परकं माणूस ओळखू शकत नाही, पण १५ लिटर म्हणजे फक्त १३ किलो ६५० ग्रॅम. एक किलो साडेतीनशे ग्रॅम कमी! दोन्हीच्या भावात शंभर रुपयांचा फरक पाहून लिटरवाला उचलला तर स्वस्ताईच्या आनंदात तुम्ही दोनशेच्या वर तेल सोडून आलात. सासूबाईंना म्हणा पिपा जरूर आणू, पण पिप्यावर किलो लिहिलेलं असलं तरच.

आणखी एक जुनी युक्ती होती, आता तिच्यावर लगाम आलाय. काही कंपन्या लिटरच्या बाजूला वजन लिहायच्या आणि पुढे बारीक अक्षरात "६० डिग्री तापमानाला" असं लिहायच्या. तेल तापलं की पसरतं, म्हणजे तेवढ्याच लिटरात वजन कमी मावतं. सरकारनंच उदाहरण दिलं होतं, सोयाबीन तेल २१ डिग्रीला भरलं तर लिटरमागे ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० डिग्रीला भरलं तर ८९२.६. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानं कंपन्यांना सांगितलं की तापमानाचं नाव काढा आणि सरळ वजन लिहा. आपल्या नागपुरात मे महिन्यात किचनच ६० डिग्री असते म्हणा, पण कंपनीला ते कारण चालणार नाही.

भिवापूरकडचे एक काका

ताई, मी शेतकरी माणूस, सोयाबीन पेरतो. मागच्या खेपेला सोयाबीन इकलं तं चार हजारही पुरे भेटले नाही क्विंटलले, अन् पोरगी नागपुरात राह्यते ते मले फोनवर सांगते का बाबा तेल दीडशेच्या वर गेलं. आता मले सांगा, सोयाबीन आमचं, तेल सोयाबीनचं, मंग मधातला पैसा जाते कुठी?

— काका, तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस नुसती फिरत होते, कारण माझं माहेरही अर्धं शेतीचंच. जमेल तसं सांगते.

पहिली गोष्ट ही की सोयाबीनमधून तेल फार कमी निघतं. क्विंटलभर दाण्यातून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास ढेप, म्हणजे तेल काढल्यावर उरलेला चोथा. म्हणजे तुमच्या मालाचा भाव तेलापेक्षा जास्त ढेपेवर, ज्याला बाजारात डीओसी म्हणतात, तिच्यावर ठरतो. ढेप जाते कोंबड्यांच्या खाद्यात आणि बाहेरच्या देशांत. जगात ढेप स्वस्त झाली की तेल कितीही महाग असलं तरी कारखानदार तुमच्या दाण्याला भाव द्यायला तयार होत नाही, त्याचं गणितच बसत नाही. तेल वर आणि सोयाबीन खाली हे एकाच वेळी होतं ते यामुळे.

दुसरी गोष्ट, आपण खातो त्यातलं निम्म्याच्या वर तेल बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीनचं तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया आणि युक्रेनमधून. तिकडे काही झालं की इकडे पाऊच हलतं, २०२२ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियानं पामची निर्यात बंद केली होती तेव्हाचे भाव आठवत असतील, तीन-चार आठवड्यांची बंदी होती ती फक्त. मग १४ सप्टेंबर २०२४ पासून सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून एकदम २० टक्के केलं, रिफाइंडवर ३२.५ टक्के. कारण तुमचंच सांगितलं होतं, बाहेरचं तेल महाग झालं की देशातल्या सोयाबीनला भाव येईल. पोरीच्या पाऊचचा भाव लगेच वाढला, तुमचं सोयाबीन मात्र ढेपेत अडकून पडलं. त्या हंगामाचा हमीभाव होता ४,८९२ रुपये, पुढच्या वर्षीचा ५,३२८, आणि बाजारात काय मिळालं ते तुम्हीच लिहिलंय. मे २०२५ च्या शेवटी कच्च्या तेलावरचं शुल्क कमी करून १० टक्क्यांवर आणलं, आता कारण पोरीचं होतं.

तेव्हा मधातला पैसा कोण्या एका माणसानं खाल्ला असं मी नाही म्हणू शकत. थोडा कर, थोडा कारखाना, थोडा दलाल, थोडं गाडीभाडं, बाकी ढेप. तुमच्या गावाजवळ घाणी असेल तर घरच्या जवसाचं नाहीतर फल्लीचं तेल काढून तिला पाठवत जा. स्वस्त पडेल असं नाही सांगत, पण बापाकडून आलेल्या डब्यावर कोणी भाव वाचत नाही.

प्रतापनगर, रूम करून राहणारा विद्यार्थी

मॅम, आम्ही चौघं रूमवर राहतो. मोठं पॅक घेतलं की स्वस्त पडते असं आई म्हणते, म्हणून सगळं फॅमिली पॅकच आणतो. पण पैसे पुरतच नाहीत. १० रुपयेवाले छोटे पुडे घ्यावे का?

— बेटा, आईचं बरोबर होतं, पण आईच्या काळात. आता मोठं म्हणजे स्वस्त असं काही राहिलं नाही. शॅम्पूचंच पाहा, एक-दोन रुपयांच्या पुड्यांचे मिली मोजले आणि बाटलीचे मोजले तर बरेचदा पुडीच स्वस्त निघते, कारण पुडीवर खेड्यापाड्यात कंपन्यांची मारामारी आहे आणि बाटलीवर नाही. बिस्किटात कधी पाचचा पुडा स्वस्त, कधी मोठा. दर वेळी ग्रॅमचा भाव पाहायचा, वर पहिल्या उत्तरात सांगितलंय. चिप्सच्या पुड्यातल्या हवेवर मात्र चिडू नको, तो नायट्रोजन असतो, नसता तर चुरा मिळाला असता आणि तोही वास मारणारा.

एकावर एक फ्रीचं ऐक. एकावर एक घेतल्यानं चौघांनी दोन दिवसांत दोन्ही संपवले तर ते फ्री कुठे झालं रे? पैसे पुरत नाहीत त्याचं कारण मला तरी तिथेच दिसतं. आणि सकाळी रोज तर्री पोहे बाहेर खाऊन किराणा महाग झाला म्हणू नका.

खामल्याहून एक निवृत्त काका

आपल्या लेखामुळे प्रेरणा घेऊन मी ऑनलाइन डिजिटल काटा मागवला आणि घरातील सर्व पाकिटे मोजली. रव्याचे ५०० ग्रॅमचे पाकीट ४९१ भरले. पाकिटासकट नव्हे, आतील रवा. मी तक्रार करण्याच्या विचारात आहे. कोठे करावी?

— काका, आधी माफ करा, काटा घ्यायला मी तुम्हाला नव्हतं सांगितलं, काकू मला काय म्हणत असतील! आता तुमचा रवा. मशीन भरते तेव्हा प्रत्येक पुड्यात थोडं मागेपुढे होतं म्हणून नियमात सूट आहे. ५०० ग्रॅम ते १ किलोच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंत कमी चालतं, त्याच्या खाली ३०० ते ५०० मध्ये ३ टक्के, अगदी लहान, ५० ग्रॅमपर्यंतच्या पुड्यात ९ टक्के. ४९१ म्हणजे तुमचं पाकीट सुटीत बसलं. पण ही सूट एखाददुसऱ्या पाकिटासाठी आहे, सगळाच माल ४९१ नं भरायची परवानगी नाही, सरासरी ५०० च्या खाली जायला नको. म्हणून एकाच दुकानातून एकाच बॅचची चार-पाच पाकिटं घेऊन मोजा, सगळीच कमी भरली तर तुमच्या तक्रारीत दम आहे.

आणि त्याआधी काटा तपासा. दहा रुपयांची दहा नाणी ठेवा, साधारण ७७ ग्रॅम दाखवायला पाहिजे. ७० दाखवत असेल तर काट्याचीच तक्रार करा.

तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. कमी वजन, एमआरपीपेक्षा जास्त पैसे, ग्रॅमचा भाव छापलेला नसणं हे सगळं वजनमाप खात्याकडे जातं, म्हणजे आपल्या राज्यात वैधमापन शास्त्र विभाग. मोठी भानगड असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. बिल आणि पाकीट दोन्ही जपून ठेवा, पाकीट फोडून कचऱ्यात टाकलं की मग नुसतं तुमचं आणि त्यांचं तोंड.

तुमच्याकडे काटा आहेच तर एक काम माझंही करा. मिठाई घ्याल तेव्हा रिकामा डबा मोजून पाहा. डब्यासकट वजन करणं चालत नाही, पण अजूनही चालतंय. मागच्या राखीला मी एका दुकानात म्हटलं डबा बाजूला काढून मोजा, तर काउंटरवरचा पोरगा माझ्याकडे असा पाहत होता जसं काही मी त्याला कपडे काढायला सांगितले. डबा ७० ग्रॅमचा निघाला. काजूकतलीच्या भावानं ७० ग्रॅम पुठ्ठा, काका!

एक डेली नीड्सवाले भाऊ (एरिया छापू नका म्हणाले)

ताई, तुम्ही ग्राहकांचं लिहिता, जरा आमचंही लिहा. जीएसटी कमी झाल्यापासून लोक काउंटरवर येऊन भांडतात का पाचचा पुडा अजून पाचलाच काहून विकतो, मोदींनी तर स्वस्त केला ना. मी काय घरून कमी करू?

— भाऊ, तुमची बाजू शंभर टक्के मान्य. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला, साबण, शॅम्पू, टूथपेस्टही ५ वर आले. हिशेबानं पाचचा पुडा ४ रुपये ४५ पैशांना व्हायला पाहिजे होता. आता ४५ पैसे कोण देणार आणि ५५ पैसे तुम्ही परत कुठून करणार? काही कंपन्यांनी सुरुवातीला साडेचार वगैरे छापून पाहिलं, पण गल्ल्यात ५० पैसे राहिलेत कोणाच्या. म्हणून मग भाव पाचच ठेवून ग्रॅम वाढवायचं ठरलं. म्हणजे इतकी वर्षं जे आत गेलं होतं ते पोट जरासं बाहेर आलं.

किती बाहेर यायला पाहिजे तेही सांगते म्हणजे भांडायला आलेल्या ग्राहकाला तुम्ही ऐकवू शकाल. करातला सगळा फायदा दिला तर १२ टक्क्यांच्या थोडं वर, म्हणजे ५० ग्रॅमचा पुडा ५६ चा. तुमच्याकडे जुना आणि नवा पुडा असेल तर दोन्ही काउंटरवर ठेवून द्या, भांडण कंपनीशी होऊ द्या.

मात्र पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदूळ-आट्यावर जुलै २०२२ पासून लागलेला ५ टक्के जीएसटी तसाच आहे, तो या वेळी गेला नाही. ब्रँडच्या पिशवीतली तूरडाळ आणि पोत्यातली सुटी तूरडाळ यात एक फरक तो आहे. आणि भाऊ, राग मानू नका पण चिल्लर नाही म्हणून चॉकलेट देणं बंद करा. माझ्या पर्समध्ये अकरा चॉकलेटं साचलीत, ती तुम्ही परत घेणार का सांगा.

धरमपेठेतून, बँकेतून निवृत्त

पेपरमध्ये वाचले की ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाई दर ०.२५ टक्के होता, खाद्यपदार्थांचा तर उणे ५. मग आमच्या घरचे बिल कमी का नाही? आकडे खोटे आहेत काय?

— आकडे खोटे नाहीत, पण ते मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये खाद्यपदार्थांची महागाई १०.८७ टक्के होती, टमाटर-आलू-कांद्यांनी जीव घेतला होता तो महिना. ऑक्टोबर २०२३ मध्ये १०० रुपयांची पिशवी धरा, वर्षानं ती १११ ची झाली, त्याच्या पुढच्या वर्षी ५.०२ टक्के उतरून १०५ ची. पेपर म्हणतो महागाई उणे, तुमची वही म्हणते पाच रुपये जास्त, दोघंही खरं बोलतात. त्यात उतरली ती मुख्यतः भाजी आणि डाळ, तेल उतरलं नव्हतं. तुमच्या घरी तळण जास्त असेल तर तुमचा दर वेगळा, आणि तो कोणत्याही पेपरात येत नाही.

नाव नाही, पत्ता नाही, फक्त एक ओळ

एवढं ज्ञान देता, तुम्ही स्वतः किराणा कुठून घेता?

— तांदूळ वर्षाचा एकदमच घेते. डाळी-साळी इतवारीतून, महिन्यातून एकदा, भावाच्या स्कूटीवर मागे झोला धरून. साबण-सोडा सुपरमार्केटमधून, तिथे एसी असतो आणि मला ट्रॉली ढकलायला आवडतं, खोटं कशाला बोलू. आणि पुड्याच्या त्या प्रकारानंतर चहा आता सुटाच घेते, मस्कासाथच्या बाजूला एक जुनं दुकान आहे तिथून, काट्यावर डोळ्यांसमोर मोजून.

पण विचारलंच आहे तर सांगते. परवा त्या दुकानात गेले आणि नेहमीसारखी शंभरची नोट पुढे केली, म्हटलं द्या भाऊ नेहमीचा. त्यांनी मोजला, पुडी बांधली, दिली. घरी येऊन डब्यात ओतला तर परत बोटभर खाली. मी तडक मागे फिरले, म्हटलं भाऊ, पाव किलो नाही हा. ते म्हणाले, "पाव किलो तुम्ही कुठं मागता ताई? तुम्ही तर शंभरचा मागता. ४०० रुपये किलो होता तवा पाव बसे, आता ४४० आहे."

हिशेब केला, २२७ ग्रॅम. काट्यावर माझ्या डोळ्यांसमोर मोजलेले.